आठवडा ढकलणारी भाजी

मुसलमानांच्या खाण्याचा इतिहास म्हटला की लेखणी आपोआप दस्तरखानाकडे वळते. बिर्याणी कुठून आली, निहारी दिल्लीची की लखनौची, शाही मुदपाकखान्यात काय काय शिजत असे, यांवर उर्दूत पुष्कळ लिहिले गेले आहे, मराठीतही लिहिले जाते. त्यात वावगे काही नाही. पण ज्या घरांत बिर्याणी ईदेला आणि लग्नाला शिजते, त्या घरांत वर्षाचे बाकीचे दिवस काय शिजत आले, हा प्रश्न तवारीखच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो.

आम्ही इचलकरंजीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर उभे राहतात, आया घरी किंवा कारखान्यात कांड्या भरतात. या मुलांच्या घरचा इतिहास लिहायचा झाला तर तो पालेभाजीच्या जुडीपासून सुरू करावा लागेल असे आम्हांला वाटते. आणि ती जुडी सोडायला बसले की तिचा एक धागा अरबी समुद्र ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेत जाऊन पोहोचतो. त्या धाग्याचा हा मागोवा.

सुकुमा विकी

केनिया देशात गरिबाच्या घरी रोज शिजणारी एक भाजी आहे. तिचे नाव ‘सुकुमा विकी’. स्वाहिली भाषेत ‘सुकुमा’ म्हणजे ढकलणे आणि ‘विकी’ म्हणजे आठवडा. आठवडा ढकलणारी भाजी! हातात पैसे नाहीत, मांस परवडत नाही, पगाराला अजून चार दिवस आहेत. अशा वेळी जी भाजी घर पुढे रेटते ती ही, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो.

भाजी अगदी साधी. कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी, मोठ्या गडद हिरव्या पानांची ही झाडे. परसात चार लावली की खालची पाने खुडत राहायची, वर नवी फुटत राहतात. पाने धुऊन, जाड दांडे काढून, एकावर एक ठेवून त्यांची गुंडाळी करायची आणि तंबाखूसारखी बारीक चिरायची. कढईत थोड्या तेलावर कांदा परतायचा, तो मऊ झाला की टोमॅटो घालायचा, टोमॅटो गळला की पाने आणि मीठ. पाणी जवळजवळ नाहीच, पानांच्या अंगचे पाणी पुरते. पाच-सात मिनिटांत भाजी उतरवायची. पान मऊ व्हावे पण हिरवेपणा जाऊ नये, एवढीच काळजी. मसाला म्हणून काही नाही. मोंबासाच्या किनाऱ्याकडे माठासारख्या पालेभाज्यांत नारळाचे दूध घालतात, आत देशात तेही नाही.

ही भाजी ‘उगाली’बरोबर खातात. उकळत्या पाण्यात मक्याचे पीठ टाकून लाकडी पळीने घोटत घोटत घट्ट गोळा करायचा, तीच उगाली. त्यातला घास हाताने तोडायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात भाजी धरून तोंडात टाकायची. भाकरीच्या तुकड्याची चिमट करून भाजी उचलणाऱ्या आमच्या वाचकांना ही रीत समजावून सांगायला नको.

आमच्या बाजारात ती पाने मिळत नाहीत. पण नवलकोल मिळतो आणि त्याचा पाला विकणारे बहुधा फेकून देतात. नवलकोल, पानकोबी, फुलकोबी आणि ती आफ्रिकेतली भाजी ही सारी एकाच वनस्पतीची रूपे आहेत. नवलकोलाचा कोवळा पाला वरच्या रीतीने केला तर चव फार लांब जात नाही. कोणाला करून पाहायची असल्यास हा मार्ग बिनखर्चाचा आहे.

विकी, जुमा आणि हफ्ता

आम्ही भाषा शिकवणारे असल्याने या नावातल्या दुसऱ्या शब्दाशी आमची लेखणी अडखळली. स्वाहिलीत आठवड्याला जुना शब्द आहे तो ‘जुमा’. तो अरबीतून आला, म्हणजे आपल्या जुम्म्याच्या नमाजचाच शब्द. शुक्रवारला ते ‘इजुमा’ म्हणतात आणि शनिवारला ‘जुमामोसी’, म्हणजे जुम्म्यानंतरचा पहिला. त्यांचा सारा आठवडा जुम्म्यापासून मोजला जातो. ‘विकी’ हा शब्द मात्र इंग्रजीतल्या ‘वीक’चा. अल्लाहच्या इबादतीचा आठवडा जुम्म्याने मोजला गेला आणि पोटाचा आठवडा साहेबाच्या शब्दाने! रेल्वे, कचेऱ्या, मळे आणि रोख मजुरी आल्यावर पगारापासून पगारापर्यंतचा जो नवा काळ जन्माला आला, त्याला नवा शब्द चिकटला असावा, असा आमचा कयास आहे.

आपल्याकडेही तेच झाले. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून सात दिवसांचा ‘हफ्ता’. संस्कृतातला ‘सप्ताह’ हा त्याचा सख्खा भाऊ. पण मराठीत आल्यावर ‘हप्ता’ म्हणजे फेडायची रक्कम झाली. कर्जाचा हप्ता, भिशीचा हप्ता. दिवस मोजणारा शब्द पैसे मोजू लागला. मजुरी करून जगणाऱ्या माणसाला दिवस आणि पैसा वेगळे काढता येत नाहीत, हे भाषेने शब्दकोशाच्या आधीच ओळखले होते.

मागाचे गाव आणि बागवानांची टोपली

इचलकरंजी हे घोरपडे जहागीरदारांचे गाव. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. पंचगंगेच्या काठच्या हातमागांच्या गावाचे पुढच्या शंभर वर्षांत लाखाच्या घरात यंत्रमाग असलेले शहर झाले. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या मागांवर काम करायला सोलापूरकडचे, कर्नाटकातले, पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले लोक आले. मुसलमानांत इथले दखनी बोलणारे आहेत, तसे उत्तरेकडून आलेले अन्सारीही आहेत.

मागावरच्या मजुराला महिन्याचा पगार माहीत नाही. किती मीटर विणले, किती पिकाचे कापड, त्यावर मजुरी बसते आणि हिशेब आठवड्याला होतो. सूत तुटले, वीज गेली, बाजारात कापडाला उठाव नाही म्हणून माग बंद राहिला की त्या आठवड्याची मजुरी घटते. पगार झाला की किराणा दुकानाची उधारी भागवायची, मटण किंवा निदान कलेजी आणायची. पाचवा-सहावा दिवस उजाडेपर्यंत चूल पालेभाजीवर येते. ‘सुकुमा विकी’ हे नाव इचलकरंजीत कोणी ऐकलेले नाही, पण त्याचा अर्थ इथल्या प्रत्येक कांडीवालीला पाठ आहे.

आणि ही भाजी विकते कोण? कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात भाजी-फळांचा धंदा पिढ्यान् पिढ्या करणारी जमात म्हणजे बागवान. मुसलमानांची प्रतिमा रंगवताना कसायाचा सुरा ज्यांना चटकन आठवतो, त्यांना बागवानाची ओली पोती आणि मेथीच्या जुड्या कधी दिसत नाहीत. पहाटे सौद्याला जाऊन माल उचलायचा, जुड्या बांधायच्या, उन्हात पाणी मारत बसायचे आणि दिवस मावळताना उरलेल्या जुड्या येईल त्या भावाने सोडायच्या. याच वेळी कामगारांच्या बायका बाजारात येतात. संध्याकाळच्या पडत्या भावावर किती घरे उभी राहिली, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि गावातले माग एकदम गप्प झाले. रात्रंदिवस खडखडाटाची सवय असलेल्या वस्त्यांत त्या शांततेने लोकांना झोप येईनाशी झाली. त्या वेळी एक आठवडा नव्हे, आठवड्यांची रांगच्या रांग ढकलायची होती. जिथे मिळाली तिथे पालेभाजी आणि रेशनचा तांदूळ यांनीच ती ढकलली.

ताट आधी कोणाचे?

आता इतिहासाच्या खोल पाण्यात उतरू. आज जी उगाली मक्याची असते, तो मका आफ्रिकेचा नाही. तो अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात तिकडे गेला. टोमॅटोही अमेरिकेचा. सुकुमाची पाने गोऱ्यांच्या अमदानीत युरोपातून आलेली. मग त्याआधी पूर्व आफ्रिकेतला माणूस काय खात होता?

तो ज्वारी आणि नाचणीची उगाली खात होता. बरोबर पालेभाजी असे ती ‘कुंडे’ची, म्हणजे चवळीच्या वेलाच्या कोवळ्या पाल्याची, ‘म्चिचा’ची, म्हणजे माठाच्या जातीची, ‘मनागू’ची, जी आपल्याकडच्या कामोणीच्या गोतातली, आणि ‘सागा’ची, जिला आपल्याकडे पांढरी तिळवण म्हणतात. या भाज्या तिकडे आजही शिजतात. वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. ज्वारी, नाचणी, चवळी, माठ, तिळवण. हे ताट नैरोबीचे आहे की मिरज-जतचे, हे सांगता येईल काय?

हा योगायोग नाही. ज्वारी ही मुळात आफ्रिकेची. आजच्या सुदानच्या पूर्व भागात सुमारे ५००० वर्षांपूर्वी माणसाने रानटी ज्वारीला शेतात आणले, त्याच्या खुणा तिथल्या मडक्यांच्या खापरांवर मिळाल्या आहेत. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलखातली. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या पश्चिम पट्ट्यातली. चवळीही आफ्रिकेचीच. ही धान्ये सुमारे ४००० ते ३५०० वर्षांपूर्वी आपल्या उपखंडात पोहोचली. कर्नाटकातल्या हल्लूर येथील उत्खननात इतक्या जुन्या काळातले बाजरीचे दाणे मिळाले आहेत. मोसमी वाऱ्यांनी हा प्रवास घडवला. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटला की आपल्या किनाऱ्याची गलबते आफ्रिकेकडे जात, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की परतत. खलाशाच्या शिदोरीतले मूठभर दाणे नव्या जमिनीत पडले आणि रुजले.

म्हणजे ज्या भाकरीला आपण मराठी मातीची खूण मानतो, तिचे बी आफ्रिकेतून आले. आणि तरीही ती मराठीच आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. साडेतीन हजार वर्षे या मातीत पेरली, कापली, दळली, थापली गेल्यावर आणखी कोणता दाखला हवा? आमच्या समाजाला ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या ताटातली भाकरी, भाकरीवरचा मिरचीचा ठेचा, ठेच्यातले शेंगदाणे, यांतले मूळचे कोण आहे, हे त्याने एकदा पाहावे. मिरची आणि शेंगदाणा तर पोर्तुगीजांच्या मागून, गेल्या चार-पाच शतकांतच आले आहेत.

हबश आणि दखन

आमच्या वर्गातल्या मुलांना ‘हबश’ हा शब्द परका नाही. हजरत बिलाल हबशी होते हे त्यांना घरीच कळते. मक्केतला छळ असह्य झाल्यावर इ.स. ६१५ च्या सुमारास मुसलमानांनी पहिली हिजरत केली ती हबशच्या नजाशी बादशहाच्या आश्रयाला, हेही त्यांनी ऐकलेले असते. पण हबश आणि दखन यांचे नाते क्रमिक पुस्तकात दोन ओळींत संपते.

मलिक अंबर याचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान, बगदाद असा फिरत अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही मूळचा हबशीच. पुढे मलिक अंबराने जवळजवळ पंचवीस वर्षे मोगलांना दखनेत पाय रोवू दिले नाहीत. जमिनीची प्रतवारी आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवायचा, मधला ठेकेदार काढायचा, ही त्याची पद्धत पुढच्या राज्यकर्त्यांनाही मार्गदर्शक ठरली. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथले नहरीचे पाणी त्याच्याच नावाने ओळखले गेले. १६२६ साली त्याचा अंत झाला, कबर खुलताबादला आहे. हबशच्या पूर्वेकडच्या डोंगरात ज्वारी पिकते आणि खडकीच्या भोवतीही ज्वारी पिकते. इथल्या शेताच्या बांधावर उभे राहिल्यावर त्याच्या डोळ्यांसमोरचे कणीस तरी परके नव्हते.

आमच्या भागाला हबशी माणूस ठाऊक झाला तो पन्हाळ्याच्या वेढ्याने. १६६० साली आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला आणि ऐन पावसाळ्यात शिवाजी महाराज त्यातून विशाळगडाकडे निसटले. हा प्रसंग आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा मुले वेढा, तोफा आणि घोडखिंड यांत रंगून जातात. पण महिनोन् महिने पडलेल्या फौजेला धान्य लागते, वैरण लागते. ती याच मुलखातल्या रयतेच्या कणग्यांतून गेली. लढाईच्या इतिहासाखाली दाण्याचा इतिहास असतो आणि तो नेहमी रयतेच्या बाजूने वाचावा लागतो.

विजापूरच्या सूफींनी हा दाण्याचा इतिहास ऐकला होता. सतराव्या शतकात त्यांच्या परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ रचले गेले. जात्यावर दळताना आणि चरख्यावर सूत काढताना बायकांनी गावीत अशी ही गीते. जात्याचा खुंटा, फिरणारी पाळ, चरख्याचा धागा यांच्या आधाराने अल्लाहचे स्मरण शिकवणारी. उर्दू साहित्याच्या इतिहासात त्यांना दखनी वाङ्मयाचा एक प्रकार म्हणून चार ओळी मिळतात. पण त्या जात्यात दळले जात होते ते काय? विजापूरच्या काळ्या रानातली ज्वारी! आफ्रिकेतून आलेले बी, दखनच्या मातीतले पीक, अरबी-फारसीतून आलेले शब्द आणि मराठी-कानडीच्या शेजारात घडलेली बोली, हे सारे त्या जात्याभोवती एकत्र बसले होते. दळण आणि सूत, चक्की आणि चरखा! आमच्या इचलकरंजीचे सारे जीवन या दोन शब्दांत येते.

अंबाड्याची भाजी

पालेभाज्यांत आफ्रिकेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी आपली भाजी म्हणजे अंबाडी. दखनी घरांत तिला अंबाडा म्हणतात, कानडी शेजारी पुंडी म्हणतात, तेलुगू मुलखात ती गोंगुरा होते. हिचे मूळ आफ्रिकेत. हिच्याच कुळातल्या लाल बोंडांचे आंबट सरबत सुदान आणि मिसरमध्ये ‘करकडे’ नावाने पितात. आपण पाने खातो आणि पूर्वी शेतकरी हिच्या सालीचा वाख काढून दोर वळत. खायला पान आणि बांधायला दोर, असे दोन्ही देणारे हे झाड गरिबाच्या बांधावर असायचेच.

आमच्याकडे ती अशी करतात. पाने खुडून, धुऊन उकडायची आणि आंबटपणा उतरावा म्हणून ते पाणी काढून टाकायचे. दुसरीकडे मूठभर तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवायच्या. कण्या नसतील तर तांदळाची कणी. दोन्ही एकत्र करून मीठ, भिजवलेले शेंगदाणे आणि ठेचलेली हिरवी मिरची घालायची, पळीने चांगले घोटायचे. मग लोखंडी पळीत तेल तापवून भरपूर ठेचलेला लसूण तांबूस करायचा, त्यात दोन सुक्या लाल मिरच्या टाकायच्या आणि ती फोडणी वर चुरचुरत ओतायची. पगाराच्या दिवशी याच अंबाड्यात गोश्त पडते आणि हैदराबादेपर्यंत नाव गाजलेला सालन तयार होतो. आठवड्याच्या अखेरीस गोश्ताच्या जागी कण्या येतात. भांडे तेच, आंबटपणा तोच.

इथे आमच्या भाजीत आणि सुकुमा विकीत एक फरक आहे आणि तो लक्षात घेण्यासारखा आहे. सुकुमा झटपट परततात, पान वेगळे दिसते. आपण घोटतो आणि डाळ-कण्या घालून तिला वाढवतो, कारण एका जुडीत सात-आठ माणसे बसवायची असतात. पण दोन्हींत कोरडे, घट्ट, पोट धरणारे धान्य आणि त्याला ओलावा देणारी पालेभाजी ही जोडी तीच आहे. दोन्हीकडे या जोडीने मेहनत करणारी माणसे पोसली.

ब्रिटिशांच्या काळात या जोडीला आणखी एक वळण मिळाले. मोंबासापासून युगांडाकडे जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, बहुतेक पंजाबकडचे. पुढे व्यापारी गेले, कारकून गेले, आपल्या कोकणातले मुसलमानही मोंबासा-नैरोबीला स्थायिक झाले. त्यांच्या हातून चपाती, समोसा आणि पुलाव स्वाहिली जेवणात गेले, तिकडच्या चुलीवर आजही याच नावांनी शिजतात. गेले तेव्हा आपण काहीतरी नवे देतो आहोत असे त्यांना वाटले असेल. खरे तर हजारो वर्षांपूर्वी घेतलेल्या उसनवारीची ती थोडीशी परतफेड होती.

मिलो, ऊस आणि महाग भाकरी

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे आमच्या गावात अजून आहेत. त्या वर्षी रेशनवर ‘मिलो’ आली. लालसर, अमेरिकेची. तिची भाकरी थापता येत नसे, गिळताना घशात अडके, असे म्हातारी माणसे सांगतात. ही मिलो म्हणजे ज्वारीच. गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकेची ज्वारी अमेरिकेत गेली, तिथे जनावरांचा चारा म्हणून वाढली आणि दुष्काळात आपल्या ताटात आली. आफ्रिकेतून निघालेल्या दोन बहिणींची अशी गाठ पडली. एक समुद्राच्या वाऱ्यावर दखनेत येऊन घरची झाली, दुसरी साखळदंडांबरोबर अमेरिकेत जाऊन, तिथून धर्मादायाच्या पोत्यात भरून आली.

त्यानंतर पाणी आले, ऊस आला. पंचगंगा-कृष्णेच्या काठची ज्वारीची रानेच्या राने उसाखाली गेली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना रेशनचे धान्य मोफत मिळू लागले, पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारीचा भाव गव्हाच्या पुढे गेला. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि भरड धान्याला ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले. चांगलेच झाले. पण ज्या कांडीवालीच्या आजीने ज्वारीशिवाय काही पाहिले नव्हते, तिला आता ज्वारी परवडत नाही आणि मोठ्या हॉटेलात भाकरी मानाने वाढली जाते, हा उलटा न्याय नोंदवून ठेवला पाहिजे.

लाजेची गोष्ट

आम्ही एकदा सातवीच्या मुलांना विचारले, घरी पगाराच्या आदल्या दिवशी काय शिजते ते लिहा. पहिल्या वेळी निम्म्या वह्यांत बिर्याणी आणि चिकन होते. खरे लिहा, त्यावर मार्क नाहीत, असे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी वह्यांत अंबाडा, माठ, चुका, मेथी, पातळ डाळ आली. एका मुलीने लिहिले होते की ती अम्मीला रोज विचारते, “आज बी भाजीच क्या?” आणि अम्मी रोज म्हणते, “भाजी हय करके तो जीते हय.”

या पोरांनी बिर्याणी का लिहिली? कारण मुसलमान म्हणजे बिर्याणी, हे त्यांनी सिनेमात पाहिले, बाहेरच्यांकडून ऐकले आणि आपल्या माणसांनीही ते अभिमानाने मिरवले. आपल्याच ताटाची लाज वाटू लागली की माणूस आपल्या आईच्या कष्टालाही लाजू लागतो. या लाजेचा दुसरा तोटा प्रकृतीला होतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. पालेभाजीत लोह असते आणि बरोबर लिंबू, टोमॅटो असे आंबट काही पडले तर ते अंगी लागायला मदत होते. जुन्या बायकांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. पण पोरीच्या डब्यातून पालेभाजी आणि भाकरी हद्दपार होऊन तिथे पाच रुपयांची कुरकुरीत पुडी आली, तेव्हा नुकसान फक्त चवीचे झालेले नाही.

केनियातल्या माणसाने आपल्या हलाखीलाच भाजीचे नाव देऊन टाकले आणि ते नाव तो उघडपणे घेतो. त्यात लाजही नाही, बढाईही नाही. ती भाजी परदेशी पानांची, परदेशी टोमॅटोची, नावातला अर्धा शब्द परदेशी. तरी ती केनियाची, कारण तिच्यावर त्यांनी आपले आठवडे काढले. कोणते अन्न कोणाचे, हे ठरवायला याहून न्याय्य कसोटी आम्हांला दिसत नाही. ही कसोटी लावली तर अंबाडा आणि ज्वारी आमची, जात्यावरची दखनी आमची, आणि ज्या मातीत हे सारे रुजले ती मातीही आमचीच.

या अंकाचे वाचक गावोगाव पसरलेले आहेत. आपापल्या घरच्या दादी-नानीला पालेभाज्यांची नावे विचारून ती उतरवून घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. दखनीत काय म्हणतात, कोणत्या महिन्यात मिळते, डाळ कोणती, कणी कोणती, दुष्काळात काय खुडून आणले, कोणत्या आठवड्याला कोणती भाजी पुरली. बादशहांच्या मुदपाकखान्यांची दफ्तरे जपली गेली. आपल्या चुलींचे दफ्तर म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत आहे आणि त्या दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आहेत.